शाळेशेजारच्या बावन्न बागा

शाळेचे मैदान म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे लंगडी, कबड्डी, नाही तर क्रिकेट येईल. पण जपानमधील टोकियो शहराने एके काळी शाळांना लागून ५२ लहान बागा आखल्या, त्या खेळाबरोबरच आणखी एका कामासाठी. ते काम कोणते?

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना टोकियो-योकोहामा परिसराला भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. वेळ स्वयंपाकाची, घरोघर चुली पेटलेल्या. घरे लाकडाची, आणि वारा जोराचा. पाहता पाहता शहर पेटले. या आपत्तीत एक लाखाहून अधिक माणसे मेली. त्यांतील बहुतेकांचा बळी आगीने घेतला.

माणसे साहजिकच मोकळ्या जागांकडे धावली. होंजो भागात सुमारे ७ हेक्टरांची रिकामी जागा होती. लोक गाद्या, पेट्या, हातगाड्या घेऊन तेथे जमले. त्या एकाच जागी सुमारे ३८,००० माणसे होरपळून मेली! उलट, कियोसुमी नावाच्या बागेत शिरलेल्या हजारो लोकांचे प्राण वाचले. दोन्ही जागा मोकळ्याच, मग असे का झाले?

मोठ्या आगीवरची हवा तापून वेगाने वर जाते. तिची जागा घ्यायला चहूबाजूंनी हवा धावत येते आणि कधीकधी तिला पीळ बसून अग्नीची वावटळ तयार होते. होंजोच्या उघड्या जागेवर अशीच वावटळ आली, आणि लोकांनी आणलेले सामान म्हणजे तिला आयते सरपण मिळाले. कियोसुमी बागेत मात्र दाट झाडे आणि मोठे तळे होते.

झाड आग कशी अडवील, ते तर लाकूडच, असे तुम्ही म्हणाल. पण हिरव्या पानात पाणी असते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. हे पाणी संपेपर्यंत पान सहसा पेटत नाही. तोपर्यंत झाडांची रांग पलीकडून येणाऱ्या उष्णतेला पडद्यासारखी आडवी येते आणि उडत्या ठिणग्याही अडवते. म्हणून सदाहरित, रुंद पानांची झाडे उत्तम.

हा धडा ध्यानात घेऊन शहराच्या उद्यान विभागाचे प्रमुख इनोशिता कियोशी यांनी या बागा आखल्या. जळालेल्या प्राथमिक शाळा सलोह काँक्रीटमध्ये नव्याने बांधल्या जात होत्या. त्यांतील ५२ शाळांना लागून एकेक बाग. आकार साधारण ३,००० चौरस मीटर, म्हणजे खो-खोची पाच-सहा मैदाने मावतील एवढा. मधोमध मोकळे पटांगण, कडेने झाडे, आणि एका अंगाला न जळणारी शाळा. एवढ्याशा जागेत सारे शहर मावणार नाही हे उघडच होते. त्यासाठी वेगळी मोठी उद्याने झाली. ही जागा गल्लीतल्या माणसांची.

मला यातील दुसरा विचार अधिक मोलाचा वाटतो. आगीने वस्त्या मोडल्या होत्या, रस्ते नव्याने आखले जात होते, शेजार विस्कटला होता. दिवसा शाळेची मुले आणि इतर वेळी आसपासची मोठी माणसे या बागेत येत. घसरगुंडी, वाळूचा हौद, बाके. रोज पायाखालची जागा असली की संकटात वाट शोधावी लागत नाही, आणि शेजाऱ्याची ओळखही आधीच झालेली असते. १९३० साली झालेल्या मोतोमाची बागेत ही जुनी आखणी टिकून राहिली. बहुतेक बागांचे रूप मात्र पुढे पालटले.

१९९५ साली कोबे शहरात भूकंपानंतर आगी लागल्या, तेव्हा नागाता भागातील एका छोट्या बागेच्या झाडांशी आग थबकली. आता जपानमधील कित्येक बागांत बाकाची फळी काढली की खाली चूल निघते, आणि काही ठिकाणी जमिनीखाली पाण्याची टाकीही असते.

एक अडचण मात्र उरते. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर अनेक शाळांच्या मैदानांवर बेघरांसाठी तात्पुरती घरे उभी राहिली. ती हवीच होती. पण मुलांची खेळायची जागा गेली, आणि अशी घरे काही महिन्यांत हलत नाहीत, वर्षे राहतात. तेव्हा मैदान आखतानाच घरांसाठी कोणता भाग द्यायचा आणि खेळासाठी कोणता कोपरा राखायचा, हे नकाशावर ठरवून ठेवलेले बरे.