बेचाळीसाव्या दिवसानंतर
(बालसुरक्षा लेखमाला : लेखांक ५)

१९७० च्या सुमारास डेव्हिड ओल्ड्स नावाचा एक तरुण अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात गरीब वस्तीतल्या मुलांना शिकवत होता. दुपारी सगळी मुले झोपली तरी एक मुलगा झोपायला तयार नसे. घरी झोपेत अंथरूण ओले झाले की आई त्याला मारायची, म्हणून त्याने झोपेचीच धास्ती घेतली होती. चार वर्षांच्या मुलांपर्यंत आपण पोचतो तेव्हा बरेच काही होऊन गेलेले असते, हे ओल्ड्स यांच्या मनाने घेतले. मग सुरुवात करायची तरी कुठून? त्यांनी ठरवले, बाळ पोटात असल्यापासून.

या लेखमालेत आतापर्यंत आपण पोक्सो कायदा, तक्रार, जबाब, बाल कल्याण समिती असा प्रवास पाहिला. ही सारी व्यवस्था गुन्हा घडल्यावर हलते. ती हवीच. पण लहान बाळांना बसणारा मार आणि त्यांची होणारी आबाळ ही बहुतेक वेळा त्यांना वाढवणाऱ्या माणसांच्याच हातून होते, आणि त्यातली कितीतरी माणसे क्रूर नसतात. ती थकलेली असतात, एकटी पडलेली असतात, कर्जात बुडालेली असतात, स्वतः मार खाऊन वाढलेली असतात. त्यांच्यापर्यंत आधी कोणी पोचले तर फरक पडतो का, हा आजचा प्रश्न आहे.

ओल्ड्स यांनी तो १९७७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या छोट्या, निमग्रामीण शहरात तपासायला घेतला. त्या भागात मुलांच्या छळाचे प्रमाण फार मोठे होते. सुमारे ४०० गर्भवती निवडल्या. पहिलटकरणी, बहुतेक गरीब, अविवाहित किंवा एकोणीस वर्षांच्या आतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची गटांत विभागणी झाली. एका गटातल्या बाईच्या घरी प्रशिक्षित नर्स गरोदरपणात सरासरी ९ वेळा आणि मूल दोन वर्षांचे होईपर्यंत सरासरी २३ वेळा गेली. ती वजन-रक्तदाब बघेच, पण तास-तासभर बसून बोलेही. बाळ असे का करते, तुला झोप मिळते का, शिक्षण पुढे करायचे आहे का, अडीअडचणीला कोण येते. बाईच्या मैत्रिणीला, आईला, नवऱ्यालाही ती बोलण्यात ओढून घेई.

पंधरा वर्षांनी नोंदी तपासल्या. नर्स दोन वर्षे येत राहिलेल्या आयांविरुद्ध मुलांच्या छळाच्या किंवा हेळसांडीच्या सिद्ध झालेल्या तक्रारी दुसऱ्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्या होत्या. १९९७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्या विश्लेषणात मात्र एक कडवट गोष्ट समोर आली. ज्या घरांत बाईलाच वारंवार मारहाण होत होती, तिथे नर्सच्या भेटींचा हा फायदा दिसेनासा झाला. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आईला मार बसत असेल तर तिला नुसते बाळाच्या संगोपनाचे धडे देऊन मूल सुरक्षित होत नाही.

आता आपल्याकडे या. घरी जाऊन बाळ बघण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. किंबहुना देशाला ती गडचिरोलीने दिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी सुरू केली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाली होती. २०११ मध्ये ही पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळीसाव्या दिवशी घरी येते.

बेचाळीसावा दिवस म्हणजे सहा आठवडे. नेमके याच सुमाराला तान्ह्या बाळाचे रडणे शिगेला पोचते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ते वाढत जाते, सहा ते आठ आठवड्यांत सर्वांत जास्त असते, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरते. निरोगी बाळही संध्याकाळी तास-दोन तास काही केल्या थांबत नाही. घरात मग दृष्ट काढली जाते, घुटी उगाळली जाते, ‘हिला मूल सांभाळता येत नाही’ हे वाक्य येते. रात्री दोन वाजता कुणाचा तरी संयम सुटतो आणि बाळ गदागदा हलवले जाते. त्या वयात मान सावरलेली नसते. अशा हिसक्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, बाळ दगावू शकते, वाचले तर आंधळे होऊ शकते. आणि आशाताईची पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात असते.

त्यात आपल्या पद्धतीची एक भर. पहिले बाळंतपण माहेरी होते. ओळखीची झालेली आशाताई माहेरच्या गावातली असते; दोन-तीन महिन्यांनी लेकुरवाळी सासरी परतते तेव्हा दारात येणारी बाई नवी असते. मनातले बोलावे असा विश्वास जमतो न जमतो तोच धागा तुटतो. दोन गावांतल्या आशाताईंनी एकमेकींना फोन करून ‘अमुक घरी बाळंतीण येतेय’ एवढे कळवले, तरी पुष्कळ होईल.

हे काम आशाताईला जमेल का, हा रास्त प्रश्न आहे. डेन्व्हर शहरात ओल्ड्स यांनीच नर्ससोबत, त्याच वस्त्यांतल्या, शाळेपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्यांनाही घरोघरी पाठवून पाहिले होते. त्यांचा परिणाम नर्सच्या निम्म्याच्या आसपास राहिला. गडचिरोलीचा अनुभव मात्र सांगतो की नेमके प्रशिक्षण आणि सततची देखरेख असेल तर गावातली बाई अवघड काम चोख करते. तो अनुभव बाळाचा जीव वाचवण्याचा होता, मारहाण रोखण्याचा नव्हे. म्हणून मी आशेने बोलते आहे, खात्रीने नाही. पण एक गोष्ट खात्रीने सांगते. सहा भेटींच्या पूर्ण संचाला आशाताईला २५० रुपये मिळतात. त्याच पैशांत तिच्यावर आणखी एक जबाबदारी टाकणे अन्यायाचे आहे.

त्या बेचाळीसाव्या दिवशी काय करता येईल? बाळाचा ताप, वजन पाहून झाल्यावर सासू आणि नवरा समोर असतानाच सांगावे की येत्या दोन-चार आठवड्यांत रडणे फार असेल, त्यात आईची चूक नाही. बाळ तापलेले असेल, दूध ओढत नसेल तर तडक दवाखाना गाठावा. तसे काही नसेल आणि आपल्याच्याने सहन होईना, तर बाळाला उताणे, सपाट जागी ठेवून दहा मिनिटे बाहेर जावे, दुसऱ्याच्या हाती द्यावे, पण हलवू नये. मग आईला एकटीला गाठून विचारावे, झोप मिळते का, उदास वाटते का, घरात कोणी हात उगारते का. उत्तर ‘हो’ आले तर पुढची वाट ताईला आधीच माहीत हवी. महिलांसाठी १८१, मनाच्या आजारासाठी टेलि-मानसचा १४४१६, मुलासाठी १०९८. आणि पुढची भेट तिसऱ्या महिन्यापर्यंत न लांबवता त्या घरी आठ दिवसांत पुन्हा जावे.

पुढील आठवड्यात : ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर आणि गावात.