पेटीची खोली

आषाढी वारीसाठी मुक्ताईनगरहून, म्हणजे जुन्या एदलाबादहून, मुक्ताबाईंची पालखी निघते. वाटेवरच्या मुक्कामी कीर्तन म्हटलं की साथीला पेटी आलीच. प्रवासाला सोयीची असते ती फोल्डिंग पेटी. कड्या सोडून पट्ट्यांचा भाग वर उचलायचा आणि मुक्काम हलला की पुन्हा पेटीच्या पोटात बसवायचा.

युरोपातल्या पायपेटीचा भाता खाली, पायाशी असे. १८७५ च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तो मागे, हाताशी आणला आणि बैठकीत मांडता येईल अशी पेटी तयार झाली. खरी अडचण होती खर्जाच्या सुरांची. पितळी जीभ जितकी लांब, तितकी ती सावकाश हलते आणि स्वर खाली उतरतो. तेवढ्याच जाडीच्या जिभेतून एक सप्तक खालचा स्वर हवा असेल, तर लांबी सुमारे १.४ पट करावी लागते. एवढी जागा आणायची कुठून? म्हणून खर्जाच्या जिभेचं टोक जड ठेवतात. स्वर उतरतो आणि जागा वाचते. ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

आजच्या मॉड्युलर सिंथेसायझरचं दुखणंही नेमकं हेच, जागेचं आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आला, तो कपाटासारखा होता. जर्मनीच्या डीटर डोएफर यांनी नव्वदच्या दशकात आणलेल्या युरोरॅक पद्धतीत वाद्याचे सुटे भाग आपल्या निवडीने एका पेटीत बसवता येतात. एक भाग स्वर निर्माण करतो, दुसरा तो गाळतो, तिसरा त्याला चढ-उतार देतो. प्रत्येकाची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत. खोलीचं माप मात्र ठरलेलं नाही.

त्यामुळे उथळ पेटी घेतली की गाडं अडतं ते मागच्या बाजूला. सर्किटची पाटी दर्शनी पट्टीला काटकोनात उभी असेल, तर ती पेटीच्या तळाला टेकते. समांतर पाट्या एकामागे एक रचलेल्या असतील, तर कमी खोलीत भागतं. पण माप घ्यायचं ते वीजपुरवठ्याची चपटी केबल खोचून आणि तिचं वळण धरून. तळाशी वीजवाटपाची पाटी असते. तिच्यावर न मावणारा भाग दोन बोटं बाजूला सरकवला तर आरामात बसतो. अशा अडचणीच्या जागेत केबल चाचपडत खोचावी लागते, आणि ती उलटी बसली तर सर्किट जळू शकतं. तिच्या एका कडेची लाल रेघ उणे १२ व्होल्टची बाजू दाखवते. ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बटण दाबू नये.

झाकणाचाही विचार करावा लागतो. भाग एकमेकांना जोडणाऱ्या वायरी पुढे बाहेर आलेल्या असतात. झाकण उथळ असेल तर त्या उपटाव्या लागतात आणि संध्याकाळभर खपून जमवलेला आवाजही त्यांच्याबरोबर जातो. म्हणून वादक आधी त्या जोडणीचा फोटो काढून ठेवतात.