दिवस भरण्याआधीचे बाळ आणि दुसरी तपासणी



उसाच्या पानात बाळाची गोष्ट कशी, असे वाटेल. पण गटात फिरताना ओसरीवर बसलो की बोलणे पिकापाशीच थांबत नाही. लेक माहेरी बाळंत झालेली, बाळ तीन-चार आठवडे आधी आलेले. आजी म्हणते, "चांगलं गुटगुटीत आहे, आता कसली तपासणी?" हे आम्ही पुष्कळदा ऐकतो, म्हणून हे चार शब्द.

३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेले बाळ म्हणजे दिवस न भरलेले बाळ. ३४ ते ३६ आठवड्यांचे असेल तर ते बहुधा धडधाकटच दिसते. पण गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा कारभार अजून पुरता बसलेला नसतो. या ग्रंथीचे संप्रेरक पहिली दोन-तीन वर्षे मेंदूच्या वाढीला फार लागते. ते खूपच कमी पडले आणि औषध वेळेत मिळाले नाही, तर बुद्धीचे झालेले नुकसान मागाहून भरून येत नाही.

जन्मानंतर ४८ ते ७२ तासांनी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टीएसएच तपासतात. ग्रंथी कमी काम करू लागली की मेंदूकडून तिला जादा हुकूम सुटतो, तो हा टीएसएच. दिवस न भरलेल्या बाळात हा हुकूमच कधीकधी उशिरा सुटतो. म्हणजे पहिला रिपोर्ट चांगला, पण दोष आत लपलेला! म्हणून साधारण दोन आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील त्या तारखेला, पुन्हा तपासणी करावी. ऊस नुसता डोळ्यांनी बघून आपण तोड देतो का? रिफ्रॅक्टोमीटर लावतो, आणि गरज पडली तर पंधरवड्याने पुन्हा लावतो. तसेच हे.

कावीळ लांबणे, शौचाला घट्ट होणे, दूध ओढताना पेंगणे, घोगरे रडणे ही लक्षणे दिसली तर थांबू नये. मात्र बऱ्याच बाळांत सुरुवातीला काहीच दिसत नाही. नाळेला मनाने आयोडीनचे औषध लावू नये, त्याने ग्रंथी मंदावू शकते.

घाबरायचे कारण नाही. पुष्कळ बाळांत ही कमतरता तात्पुरती असते. दोष निघालाच तर रोज एक छोटी मात्रा, तीही लवकर सुरू केली की मूल इतरांसारखे वाढते. औषध मनाने बंद मात्र करू नये.

लेक सासरी निघाली की रिपोर्ट आणि पुढची तारीख तिच्याबरोबर द्यावी. आपल्या फडातील टोळीत अशी बाळंतीण असेल, तर मुकादमाला सांगून त्या दिवशी तिला दवाखान्यात पोचवावे. टोळी दुसऱ्या गावी हलली की तारीख हुकते, आणि ही तारीख हुकून चालत नाही.

— ऊस विकास अधिकारी