नांव ज्याचें, उच्चार त्याचा



आमच्या वसईकडे फुटबॉलचें वेड जुनें आहे. विश्वचषकाचे सामने सुरू झाले म्हणजे मध्यरात्र उलटून गेली तरी घराघरांतून दिवे जळत असतात. माझा नातूही जागतो, आणि त्याच्या शेजारीं मीही बसतों. खेळांतील बारकावे मला फारसे उमगत नाहींत. माझें लक्ष असतें तें खेळाडूंच्या नांवांकडे. तीस वर्षांहून अधिक काळ वर्गांत हजेरी घेतलेल्या मास्तराचा हा स्वभावदोष श्रोत्यांनीं पोटांत घालावा.

परकें नांव कानावर पडलें कीं कान प्रथम त्यांत ओळखीचा शब्द शोधूं लागतो. पेले म्हटल्याबरोबर माझ्या आईला ताटाशेजारचे पेले आठवत. ब्राझीलच्याच काकाला २००७ सालीं जगांतील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूचा मान मिळाला, तेव्हां "हे कोणाचे काका?" असा प्रश्न आमच्या घरीं विचारला गेला. वस्तुतः तें रिकार्दो या नांवाचें, धाकट्या भावाच्या बोबड्या तोंडांतून निघालेलें रूप होय. सेनेगालचा सादियो माने तर आपल्या साताऱ्या-कोल्हापुराकडचाच वाटतो. आणि मार्तिना नवरातिलोवा हें नांव ऐकून एखाद्यास नवरात्राची आठवण झाली, तर त्यांत नवल नाहीं. कान मोठा काटकसरी आहे. नवा ध्वनि आला कीं तो त्यासाठीं नवा डबा आणीत नाहीं. घरांतल्याच एखाद्या डब्यांत भरून ठेवतो.

एवढेंच असतें तर हंसून सोडून देतां आलें असतें. परंतु यांतील बरींचशीं नांवें आपल्यापर्यंत सरळ येत नाहींत, तीं इंग्रजीच्या तोंडून येतात. इंग्रजी माणूस 'टी' व 'डी' या अक्षरांचा उच्चार करतांना जिभेचें टोक दांतांमागील हिरडीस लावतो. तो ध्वनि आपल्या कानाला ट आणि ड यांच्या जवळचा वाटतो. म्हणून आपण टेबल, डॉक्टर असें म्हणतों. पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत मात्र जीभ दांतांनाच लागते, अगदीं आपल्या त आणि द यांच्याप्रमाणें. तेव्हां खरीं नांवें रोनाल्दो आणि मारादोना; परंतु लिस्बनचा माल लंडनच्या गोदींतून फिरून मुंबईस आला, आणि वाटेंत त्याचें वेष्टन बदलून तो रोनाल्डो आणि मॅराडोना झाला.

आपल्या पूर्वजांचे कान या बाबतींत आपल्याहून भाग्यवान् होते. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती, आणि त्यांची भाषा किनाऱ्यावरच्या लोकांनीं प्रत्यक्ष ऐकली. त्यांच्या 'बाल्दि'ची आपण बादली केली आणि 'त्रोंकु'चा तुरुंग केला. अक्षरें मागेंपुढें झालीं, परंतु द आणि त जागच्या जागीं राहिले. बटाटा मात्र याला अपवाद. 'पांव'चा पाव झाला, 'लेइलांव'चा लिलाव झाला. पोर्तुगालच्या जुआंव फेलिक्स या खेळाडूच्या नांवाच्या अखेरीस हाच 'आंव' आहे. आपण तें जोआओ असें छापतों. ज्याला पाव म्हणतां येतो, त्याला जुआंव म्हणतां येऊं नये काय?

दुसरी अडचण लिपीची. रोमन अक्षरें अनेक देशांनीं घेतलीं, परंतु प्रत्येकानें त्यांना आपापला आवाज दिला. 'जे' हेंच अक्षर पाहा. इंग्रजींत तें ज, जर्मनांत य, स्पॅनिशांत घशांतून काढलेला ह, आणि पोर्तुगीजांत झच्या जवळचें. २०१४ च्या विश्वचषकांत सहा गोल करून सर्वांच्या पुढें गेलेला कोलंबियाचा रॉड्रिगेस कागदावर जेम्स दिसतो. त्याच्या देशांत तो हामेस आहे. हंगेरीच्या लिपींत 'एस' हें अक्षर श असें वाचतात, म्हणून त्यांचा थोर खेळाडू पुस्कस नव्हे, तर पुश्काश. पोलंडची टेनिसपटू इगा श्फ्योंतेक आपल्याकडे स्वियातेक होते, कारण त्या लिपींत अक्षरांच्या वर व खालीं ज्या बारीक खुणा असतात त्या छापतांना गळतात. कानामात्रा काढून घेतल्यावर मराठी शब्दाची जी गत होईल, तीच त्या नांवांची होते.

आतां एक स्वतःची चूक सांगतों. मी नोकरीस नवा असतांना दुसऱ्या शाळेंतून एक मुलगा आमच्या वर्गांत आला. त्याचा दाखला इंग्रजींत होता. त्यावरून आडनांव वाचून मीं हजेरींत "मॅकॅडो" अशी हाक मारली. कोणी उठलें नाहीं. मीं गैरहजेरी मांडली. दुसऱ्या दिवशींही तसेंच झालें. तिसऱ्या दिवशीं त्याची आजी शाळेंत आली आणि शांतपणें म्हणाली, "मास्तर, पोर वर्गांतच होता. तुम्हीं हाक दुसऱ्याला मारलीत. आमचं नाव मच्याडो."

पुढें मीं या नांवाचा शोध घेतला. पोर्तुगीज भाषेंत त्याचा अर्थ कुऱ्हाड, आणि आज लिस्बनमध्यें त्याचा उच्चार 'माशादु' असा होतो. परंतु पोर्तुगीज लोक वसईस आले त्या काळीं त्यांच्या भाषेंतील हा श, च असा उच्चारला जात असे. आपल्या मराठी चावीनें तो च अद्याप जपला आहे. त्या शब्दाचें मूळ आज लिस्बनमध्यें शनें सुरू होतें. म्हणजे आजीबाईंचा च लिस्बनच्या शपेक्षां जुना! अखेरचा ड मात्र लिस्बनचा नाहीं. मग खरा उच्चार कोणता? माझ्या मतें आजीबाईंचा. आणि तोही जुना आहे म्हणून नव्हे, तर नांव त्यांच्या घराचें आहे म्हणून. लिस्बनच्या माणसास तेथील उच्चारानें हाक मारावी, वसईच्या माणसास वसईच्या. नांवाचा निवाडा कोशांत होत नाहीं. तें धारण करणाऱ्याच्या मुखीं होतो.

हा न्याय आपल्यालाही हवाच असतो. १९५२ सालीं हेलसिंकी येथें कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें ऑलिंपिकमधील तें पहिलें वैयक्तिक पदक. फिनलंडच्या भाषेंत ख, ध हे महाप्राण वर्ण नाहींत, आणि 'जे'चा उच्चार तेथें य असा होतो. कागदावरचें जाधव हें नांव तेथील वाचकानें 'यादहाव' असें वाचलें असेल, तर त्याला दोष देतां येत नाहीं. तरीही ऐकून आपल्याला कसेंसेंच होतें. आपण तरी त्यांना किती वेळां खाशाबा म्हटलें? बहुधा के. डी. म्हणूनच भागविलें. आईनें ज्या नांवानें हाक मारली, तें त्या दोन अक्षरांत कोठें उरतें?

प्रत्येक परका ध्वनि आपल्या जिभेला साधेल असें नाहीं. रोनाल्दोच्या नांवांतील पहिला र पोर्तुगीज माणूस घशांतून काढतो. तो आपल्याला न साधला तरी चालेल. परंतु द साधतो, जुआंव साधतो, हामेस साधतो, आणि तीं नांवें तशींच लिहिण्यास आपली देवनागरी पुरी पडते. खेळाडू कोणत्या भाषेचा एवढें विचारून घेतलें, तर निम्मीं नांवें सुधारतील. आणि त्याच्या स्वतःच्या तोंडून नांव ऐकण्याची सोय आज घरोघरीं आहे.

मच्याडो हा उच्चार मीं शिकून घेतला त्या दिवशीं तो मुलगा पहिल्यानें उभा राहिला आणि खणखणीत आवाजांत "हजर" म्हणाला. मागील दोन दिवसांच्या गैरहजेऱ्या मीं स्वतःच्या हातानें खोडल्या.