शरीराची राखण आणि एच.आय.व्ही.

एच.आय.व्ही. हे नाव आता आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. दवाखान्याच्या भिंतीवर ते लिहिलेले दिसते, शाळेच्या पुस्तकातही येते. पण नाव ठाऊक असणे वेगळे आणि रोगाची रीत ठाऊक असणे वेगळे. ‘तो तर चांगला धट्टाकट्टा आहे, त्याला कसला आलाय रोग?’ असे आपण सहज बोलून जातो. हे बोलणे किती फसवे आहे ते समजायचे, तर हा विषाणू अंगात शिरल्यावर शरीर काय करते ते पाहिले पाहिजे. आज तेच पाहू या.

शरीराची राखण ही गावाच्या राखणीसारखी आहे. कातडी म्हणजे गावकुसाची भिंत. ती ओलांडून रोगजंतू आत आलाच, तर रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी त्याला गाठून गिळतात आणि त्याचा एक तुकडा पुरावा म्हणून पुढे दाखवतात. हा पुरावा ओळखून साऱ्या गावाला जागे करणारी एक खास पेशी असते. शास्त्रज्ञ तिला सीडी-४ पेशी म्हणतात. आपण तिला शरीराचा कोतवाल म्हणू. तिने दवंडी दिली की दोन फौजा कामाला लागतात. एक फौज प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे रक्तात फिरणाऱ्या जंतूला चिकटून त्याला निकामी करतात. दुसरी फौज आपल्याच ज्या पेशींत शत्रू दडून बसला आहे, त्या पेशी हुडकून नष्ट करते. निरोगी माणसाच्या मोहरीएवढ्या रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात.

आता एच.आय.व्ही.ची खोडी ऐका. इतर रोगजंतू फौजेशी लढतात. हा मात्र थेट कोतवालाच्याच घरात शिरतो! सीडी-४ पेशीला चिकटायचे, आत जायचे, आणि आपला मजकूर त्या पेशीच्या मूळ दप्तरात लिहून टाकायचा, ही त्याची रीत. पटवाऱ्याच्या दप्तरात कोणी खोटी नोंद घुसडावी, तसेच हे. मग ती पेशी आपले काम सोडून विषाणूच्याच नकला काढत बसते आणि शेवटी मरते.

म्हणून शरीर स्वस्थ बसते का? मुळीच नाही. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत पुष्कळांना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठते. साधा ताप किंवा हिवताप समजून माणूस ते विसरूनही जातो. पण आत मोठी लढाई चाललेली असते. फौजा विषाणूची संख्या पुष्कळ खाली आणतात. प्रतिपिंडेही तयार होतात, आणि रक्ताच्या तपासणीत बहुधा तीच शोधतात. ती दिसण्याजोगी व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून धोक्याचा प्रसंग घडल्यावर लगेच केलेली तपासणी निर्दोष आली, तरी तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते.

एवढे लढूनही शरीर जिंकत का नाही? पहिले कारण, हा विषाणू नकला काढताना चुका करतो, आणि त्या चुकांमुळे त्याचा अंगरखा सारखा बदलतो. काल बनवलेले प्रतिपिंड त्याला आज ओळखत नाही. दुसरे कारण तुम्हा धानवाल्यांना चटकन पटेल. बांधीतला लव्हाळा वरून कितीही निंदला, तरी जमिनीतल्या गाठी राहतातच आणि पुन्हा फुटतात. तसेच काही पेशींच्या दप्तरात हा विषाणू न हलता झोपून राहतो. झोपलेल्या शत्रूला फौज ओळखणार कशी? आणि तिसरे कारण, दवंडी देणाराच रोज थोडाथोडा कमी होत असतो.

ही ओढाताण उपचाराविना सरासरी आठ-दहा वर्षे चालते. एवढी वर्षे माणूस नांगर धरतो, रोवणी करतो, शाळेत शिकवतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पण त्याच्यापासून दुसऱ्याला लागण होऊ शकते. पुढे सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्या, की एरवी दबून राहणारे रोग डोके वर काढतात. आपल्या देशात त्यांत क्षयरोग पहिला. या अवस्थेला एड्स म्हणतात.

हा रोग १९८१ मध्ये अमेरिकेत प्रथम नोंदला गेला, आणि १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला. भारतात तो १९८६ मध्ये मद्रासला उघडकीस आला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा करून हे शोधले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमधल्या मराठी घराण्यातल्या. पुण्याजवळ भोसरीला १९९२ मध्ये या रोगाच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्थाही उभी राहिली.

आज औषधाची स्थिती आशादायक आहे. रोज घ्यायच्या गोळ्या विषाणूला नकला काढू देत नाहीत. मग कोतवालांची संख्या पुन्हा वाढते. रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईने वेळेवर औषध घेतले, तर मूल बहुतेक निरोगी जन्मते. मात्र गाठी आत असतातच. गोळ्या सोडल्या की लव्हाळा पुन्हा फुटतो. म्हणून बरे वाटले तरी औषध सोडायचे नाही. २००४ पासून सरकार हे औषध मोफत देते, आणि २०१७ पासून सीडी-४ पेशी कितीही असोत, निदान होताच उपचार सुरू होतो.

तेव्हा मंडळी, धट्टाकट्टा दिसणे ही निरोगीपणाची खूण नव्हे. शंका असेल तर सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी करून घ्या; ती गुप्त ठेवली जाते. १०९७ या क्रमांकावर फोन करून विचारलेत तरी चालेल. क्षयरोग झालेल्या प्रत्येकाने ही तपासणी अवश्य करावी. आणि गुरुजनहो, वर्गात एवढे जरूर सांगा, की एकत्र जेवल्याने, हात धरल्याने, एका हापशीचे पाणी प्यायल्याने किंवा डास चावल्याने हा रोग होत नाही. रोग्याला वाळीत टाकणे म्हणजे त्याला तपासणीपासून आणि औषधापासून दूर लोटणे होय. २०१७ च्या कायद्याने असा भेदभाव करायला मनाई केली आहे. पण कायद्याच्याही आधी आपण शेजारी आहोत, हे ध्यानात असू द्यावे.