पत्त्याचा मालक कोण?

एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला. फाइल सेव्ह करणं, पत्र टाइप करणं, प्रिंट काढणं ही तेव्हाची संगणक साक्षरता, आणि त्या काळाला ती योग्यच होती. आज बँक, वीजबिल, सातबारा सगळं फोनवर आलंय. कोणतं बटण कुठे आहे यापेक्षा, ते दाबल्यावर आपले पैसे आणि माहिती कुणाच्या हातात जाते हे कळणं मला जास्त गरजेचं वाटतं.

वेबपत्त्याचंच घ्या. समजा, 'माझीबँक.कॉम.बक्षीस.टॉप/लॉगिन' अशी लिंक आली. नजर ओळखीच्या नावावर जाते आणि माणूस फसतो. खरा मालक शोधायचा तर सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'पुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून त्यानंतरची पहिली तिरकी रेघ गाठायची आणि तिथून डावीकडचे लगतचे दोन शब्द पाहायचे. इथे मालक आहे 'बक्षीस.टॉप'. त्याच्या डावीकडे तो वाटेल ते नाव लावू शकतो, अगदी तुमच्या बँकेचंसुद्धा! (शेवटी 'सीओ.इन' असेल तर आणखी एक शब्द मागे जायचं.) कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नका. वाटेत कुणी मजकूर वाचू शकत नाही, एवढीच हमी ते देतं. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, अशी नाही.

पैशांच्या व्यवहारातही असंच एक साधं सूत्र आहे: यूपीआयचा पिन खात्यातून पैसे देताना लागतो. पैसे मिळवायला तो कधीच लागत नाही.

बचत गटात, ज्येष्ठ नागरिक संघात हे शिकवायला एक दुपार पुरते. एक्सेल नंतर शिकवलं तरी चालेल.