मंगळावर वस्ती? आधी भिवंडी बघा

भिवंडीत कापूस पिकत नाही. सूत बाहेरून ट्रकने येतं, यंत्रमागावर विणलं जातं आणि बरंचसं ग्रे (कच्चं) कापड बाहेरच प्रोसेसिंगला जातं. तरी धंदा उभा राहिला, कारण मुंबई शेजारी आणि वाहतूक परवडणारी.

मंगळाचं दुखणं नेमकं इथेच! तिकडे निघायची सोयीची वेळ साधारण 26 महिन्यांनी येते, प्रवास सहसा सहा-सात महिन्यांचा. कुठला माल विकून हे भाडं निघणार? (आपलं मंगळयान सुमारे 450 कोटींत गेलं खरं, पण एकतर्फी आणि बिनमाणसाचं.)

म्हणजे आधी आयात घटवायला हवी. नासाच्या ‘मॉक्सी’ यंत्राने 2021 ते 2023 मध्ये मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढला. सगळा मिळून 122 ग्रॅम! एका माणसाला दिवसाला साधारण 840 ग्रॅम लागतो.